घराचं आडनाव

१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय लुडगर,

आधी एक दुरुस्ती. उन्हाळ्यातल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या लग्नाची बातमी ऐकून बाबा म्हणाले, "पोराने नाव टाकलं." ते तसं म्हणाले नव्हते. काल मी त्यांना सरळ विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी म्हटलं, पोराने घर टाकलं. कान तपासून घे." तू बायकोचं आडनाव लावलंस हे मलाच इतकं टोचत होतं की मी माझं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. त्यानंतर तुझी एक ओळही आलेली नाही. ती त्या वाक्यामुळे आली नसेल, तर निदान ते वाक्य कोणाचं होतं हे तुला कळायला हवं. खऱ्या वाक्यानेही तुला सुख होणार नाही, हे मला समजतं.

पोस्टातल्या बाई दर वेळी विचारतात, "श्टुटगार्टला कोण गं तुझं?" मी म्हणते, भाऊ. त्या पाकिटावरचं 'हेफेले' वाचतात, माझ्याकडे बघतात आणि शिक्का मारतात.

तुला एक विचारायचं आहे. रस्त्यात कोणी मागून "अहो हेफेले" अशी हाक मारली, तर तुझी मान आपोआप वळते का? की क्षणभर थांबून, हे आपल्यालाच, असं स्वतःला सांगावं लागतं? मी हे टोमणा म्हणून विचारत नाही. मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

शाळा ठीक चालली आहे. तिसरीच्या वर्गाला या महिन्यात 'माझं नाव कुठून आलं' हा विषय दिला. मुलांना दिला म्हणून मलाही करावासा वाटला. म्युन्स्टरच्या मोठ्या पोस्टात देशभरातली टेलिफोनची पुस्तकं ठेवलेली असतात. दोन शनिवार मी तिथे उभी राहून पानं उलटली. आपल्याखेरीज एलरपोल फक्त तीन सापडले. टेलिफोन नसलेलेही असतील, त्यामुळे तीनच आहेत असं मी म्हणणार नाही. नावाचा अर्थ तर तुला माहीतच आहे: घरामागचं डबकं आणि त्याच्या काठची एलरची झाडं. पण इतकं कमी आढळणारं नाव म्हणजे एकच जुनं रक्त, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. मुलांसमोर मी तसं बोलूनही गेले. तिघांनाही पत्रं टाकली आहेत. ओस्नाब्र्युकच्या एका बाईंनी उत्तर पाठवलं: "या. कॉफी मिळेल. केक तुम्ही आणा."

बाबा बरे आहेत. गायी आता बाराच आहेत. दूध न्यायला नवीन ड्रायव्हर येतो, पेरकून म्हणून. बाकी विशेष काही नाही.

तुझी
थेक्ला


३ डिसेंबर १९७८

प्रिय लुडगर,

मागच्या पत्रात 'नवीन ड्रायव्हर' लिहिलं. तो दोन वर्षांपासून येतोय. 'बाकी विशेष काही नाही' हेही बरोबर नव्हतं. त्याचं पहिलं नाव लोथार. त्याच्याबद्दल पुढे लिहीन, आज लिहायला धीर होत नाही.

मी ओस्नाब्र्युकला जाऊन आले. फ्रॉयलाइन क्लेमेन्टिने एलरपोल ऐंशी वर्षांच्या आहेत, लग्न केलेलं नाही, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहतात. मी केक घेऊन दारात उभी राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यात बाबांचं नाक शोधू लागले. त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"शोधू नकोस," त्या म्हणाल्या. "सापडायचं नाही. बस. बटरकेक आणलास? शहाणी आहेस."

"पण आपण एकाच घराचे ना?"

"घराचे, हो. रक्ताचे नाही. माझे आजोबा जन्माने ब्योडिंग. तुमच्याकडच्या मोठ्या मुलीशी लग्न करून आत आले, म्हणून एलरपोल झाले. तुमच्याकडे तसंच ना? बाप कोण ते नंतर, आधी घर कुठलं."

"हो. पूर्वी होतं तसं."

"वर्षभरात ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मग घर धाकट्या बहिणीला मिळालं. तिनेही नवरा आणला, तोही एलरपोल. आजोबांना एक गाय दिली आणि वाटेला लावलं."

"आणि त्यांचं नाव?"

"नाव कोण परत मागतं? गाय दोन वर्षांनी मेली. नाव बघ अजून आहे." त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "ते घर मी कधी पाहिलेलं नाही. डबकं खरंच आहे का?"

मी म्हटलं, आहे. पण आता बरंचसं बुजलं आहे. 'बुजलं आहे' हे सांगायला नको होतं, असं परतीच्या गाडीत वाटत राहिलं.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते चुलीजवळ बसून बूट काढत होते. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल.

"मग?" ते म्हणाले. "यात नवीन काय?"

"बाबा, मी वर्गात सांगितलं, एकच जुनं रक्त म्हणून."

"शिकून आलीस म्हणून वाटेल ते सांगायचं का पोरांना? माझी आजी बाहेरून आलेली. तिचा पहिला नवरा एलरपोल. त्याला घोड्याने लाथ मारली, तो गेला. तिने घरातल्या गड्याशी लग्न केलं. दुसऱ्या दिवसापासून तो एलरपोल. आपण त्या गड्याचे."

"म्हणजे आपल्यात मूळ एलरपोलांचं काहीच नाही?"

"छप्पर आहे ना. ते पुरे."

लुडगर, तुला हे माहीत होतं का? मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. लपवलं नाही, फक्त सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नाही. सोमवारी वर्गात उभं राहून मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतलं. एका मुलीने विचारलं, "मग तुम्ही कोण, फ्रॉयलाइन?" सगळे हसले. मीही हसले.

आज नाताळाआधीच्या अॅडव्हेंटची पहिली मेणबत्ती लावली. टेबलाशी दोघंच. बाबा तुझ्या खुर्चीवर वर्तमानपत्र ठेवतात, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

थेक्ला


२ जानेवारी १९७९

प्रिय लुडगर,

नाताळला कार्ड आलं. अक्षर तुझ्या गुद्रुनचं होतं, सही फक्त तिची. तिचे आभार मान. तिच्या कार्डाबद्दल पुढच्या खेपेला लिहीन, आज मन ठिकाणावर नाही.

आता लोथारबद्दल. आम्ही लग्न करणार आहोत. ऑक्टोबरमध्येच ठरलं. तुला पहिल्यांदा कळवायचं म्हणून बाकी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तुला लिहायला बसले की हात दुसऱ्याच गोष्टी लिहायचा. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, प्रोटेस्टंट आहे. फादर नाराज आहेत, पण बाबा म्हणाले, "वेळेवर येतो, गायींना हाताने चापटी मारून बाजूला करतो, काठीने नाही. देव त्याचं तो बघून घेईल." लोथार दुधाची गाडी सोडून इथे यायला तयार आहे. सगळं जमलं होतं.

परवा संध्याकाळी अचानक कडाका पडला. पाऊस पडता पडता गोठला. काल सकाळी अंगणात उभं राहता येत नव्हतं, तरी शेजारी नेहमीप्रमाणे नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला आले. लोथार आईला घेऊन आला होता, तिची आणि बाबांची पहिली भेट म्हणून. फ्राउ पेरकून उंच, बारीक, काळ्या कोटातल्या. त्यांनी कोट काढला नाही. बाबांनी त्यांना चुलीजवळची खुर्ची दिली, मी नव्या वर्षाच्या कुरकुरीत गोड गुंडाळ्यांचं ताट पुढे केलं. सगळं नीट चाललं होतं.

मग शेजारचा टोनी ब्र्युनिंग आला. त्याला कोणीतरी आमचं ठरल्याचं सांगितलं असणार. त्याने दारातूनच कॉर्न दारूचा ग्लास उंचावला आणि लोथारच्या पाठीवर थाप मारून ओरडला, "काय मग, एलरपोल! नवीन वर्षाच्या शुभेच्छा, एलरपोल!"

तुला माहीत आहे, आपल्याकडे यापेक्षा मोठा मान नाही. टोनीच्या मते त्याने लोथारला घरात घेतलं. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचा चेहरा असा उजळला की आई गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

फ्राउ पेरकूननी ताट बाजूला सारलं.

"माझ्या मुलाचं नाव पेरकून आहे," त्या म्हणाल्या.

टोनीला काही कळलंच नाही. "हो हो, कागदावर काय ते असू दे, मावशी. इथे मात्र तो एलरपोल!"

"मी तुमची मावशी नाही. आणि माझा मुलगा कोणी रस्त्यावर टाकलेला नाही, की तुम्ही उचलून त्याला नाव द्यावं."

बाबा म्हणाले, "बाई, अपमान करायचा नव्हता कोणाला. जो या घरात येतो त्याला हे नाव मिळतं. माझ्या आजोबांना लग्नाने मिळालं, मला त्यांच्याकडून."

"त्यांना त्यांचं स्वतःचं नको झालं असेल."

"नको झालं नव्हतं. खाली ठेवलं, दारात."

त्या उठल्या. बर्फावरून घसरत, लोथारचा हात झिडकारत गाडीपर्यंत गेल्या. टोनी मला हळूच म्हणाला, "माझं काय चुकलं गं, थेक्ला?" मी त्याला काय सांगू?

संध्याकाळी बाबांनी सांगितलं, "नव्या कायद्याने नवरा बायकोचं नाव लावू शकतो ना? तुझ्या भावाने लावलंच. मग लोथारने लावावं. नाव राहिलं तर नोटरीकडे जाऊन घर तुमच्या दोघांच्या नावे करतो. नाही तर मला विचार करावा लागेल."

"आणि त्याने दोन्ही लावली, जोडून?"

"घराला जोडनाव नसतं."

"बाबा, आपण तर त्या गड्याचे. मग एवढं का?"

त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, "म्हणूनच. माझं असतं तर टाकलं असतं. माझं नाही, सांभाळायला मिळालंय."

यावर तू असतास तर काय म्हणाला असतास?

थेक्ला


१४ जानेवारी १९७९

प्रिय लुडगर,

मी फ्राउ पेरकूनकडे गेले. एकटी गेले, लोथारला सांगितलं नाही. निर्वासितांच्या वसाहतीतलं शेवटचं घर, जिन्यात वॅक्सचा वास. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "वडिलांनी पाठवलं?"

"नाही. मी माफी मागायला आले."

"तू काय केलंस? आत ये, ऊब बाहेर जाते."

त्यांनी बीटचं आंबट सूप पुढे ठेवलं. मी ते संपवलं नसतं तर त्या बोलल्या नसत्या, असं मला वाटतं. मग बोलल्या. प्रशियातल्या त्यांच्या गावाला आता दुसरं नाव आहे, दुसऱ्या भाषेतलं. घर जळलं की उभं आहे, ठाऊक नाही. नवऱ्याचे दोन्ही भाऊ युद्धातून परतले नाहीत, आणि नवरा इथे येऊन सहा वर्षांत गेला.

"युद्धाच्या शेवटी बर्फावरून चालत आलो तेव्हा दर थोड्या वेळाने एकेक वस्तू खाली ठेवत गेलो," त्या म्हणाल्या. "आधी शिवणाचं मशीन. मग अंथरुणं. मग सासूबाई. त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. तुझे वडील म्हणतात, नाव दारात खाली ठेवलं. मी सगळं खाली ठेवलेलं आहे, पोरी. ते एक राहिलं."

त्यांनी माझ्या ताटलीत पुन्हा सूप वाढलं.

"आणि वडिलांना म्हणावं, इतकीच हौस असेल तर ते नाव एखाद्या गायीला द्या. गाय कुठे जाणार नाही." हे म्हणताना मात्र त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. लोथार अगदी तसाच हसतो.

घरी येऊन मी टेलिफोनच्या पुस्तकातली माझी टिपणं काढली. प्रामाणिकपणे सांगायचं तर पेरकून आपल्यापेक्षा जास्त आहेत, आणि नाव आपल्यापेक्षा जुनं असावं. त्या भागातल्या जुन्या लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ मेघगर्जना. लोथार म्हणतो, "गडगडाट डबक्यात पडला की काय होतं? चिखल." त्याला सगळ्याची थट्टा सुचते. "तू म्हणशील ते लावतो," म्हणतो. मला हेच जड जातं. दोन्ही म्हातारी माणसं माझ्याकडे बघतात आणि तोही माझ्याकडेच बघतो.

आता गुद्रुनच्या कार्डाबद्दल. तिने लिहिलं होतं की तिचे वडील पडल्यापासून बेकरी तू एकटा बघतोस, पहाटे दोनला उठतोस, आणि गिऱ्हाइकं तुला 'धाकटे हेफेले' म्हणतात. हे मला माहीतच नव्हतं. तू एवढंच कळवलं होतंस की आडनाव बदललं. काल जेवताना मी बाबांना हे सांगितलं. तुझं नाव काढायचं नाही असं ठरलेलं होतं, तरी सांगितलं.

त्यांनी सुरी खाली ठेवली. "बेकरी? भाड्याची?"

"स्वतःची. तीन पिढ्यांची. दारावर पाटी आहे."

"मुलगा नाही त्यांना?"

"गुद्रुन एकटीच."

"म्हणजे लग्न करून आत गेलाय तो."

"हो, बाबा."

"मग तसं सांगायचं की!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "मला वाटलं, गोठ्याच्या वासाची लाज वाटली म्हणून कुठलंतरी शहरी नाव घेतलं. पाटी असलेल्या घरात गेला तर तिथलंच नाव लावणार. दुसरं काय लावेल?"

मग जेवण संपवलं. उठताना म्हणाले, "भट्टी कसली आहे? लाकडाची की विजेची?"

मला माहीत नव्हतं. तू कळवलंस तर मी त्यांना सांगेन. एवढीच एक ओळ लिही, लुडगर. लाकडाची किंवा विजेची.

थेक्ला


२८ जानेवारी १९७९

प्रिय लुडगर,

तुझी ओळ आली नाही. रोज पोस्टमन गेल्यावर मी पेटीत हात घालून बघते, तळाशी काही चिकटलं असेल म्हणून. बाबांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, बर्फामुळे टपाल उशिरा येतंय. हे खरं नाही, टपाल वेळेवर येतं.

मी ठरवलं आहे. कसं ठरलं ते तुलाच सांगते, कारण बाकी कोणाला हे नीट सांगता येणार नाही.

गेल्या आठवड्यात मी खताच्या दुकानात गेले होते. काउंटरवरचा माणूस आत ओरडला, "एलरपोलची पोती काढ रे, लोथार सांगून गेलाय!" त्याला लोथारचं आडनाव माहीत आहे. आठ वर्षं दोघं एका फुटबॉल संघात होते. तरीही पोती एलरपोलची. उद्या आपल्या घरात कोणी परदेशी येऊन राहिला, तरी तो या लोकांना एलरपोलच असेल. मी कागदावर काहीही लिहिलं तरी हे थांबायचं नाही. एलरपोल हे नाव भिंतींना धरून राहिलेलं आहे. त्याला आपली गरज कधी नव्हतीच. आपणच त्याच्या आश्रयाला होतो.

पेरकूनला भिंत नाही. ते ज्या माणसांच्या अंगावर आहे, तेवढंच आहे. ओस्नाब्र्युकच्या त्या खोलीत मी पाहिलं, घर गेल्यावर नाव किती एकटं पडतं. फ्रॉयलाइन क्लेमेन्टिने गेल्या की त्यांच्याकडचं एलरपोल संपणार. फ्राउ पेरकूनच्या बाबतीत ते मी संपवायचं, असं माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून मी पेरकून होणार. लोथार ऐकून खूप वेळ गाडीच्या चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईला तू सांग. मी सांगितलं तर ती म्हणेल, मी तुला धमकावलं." मी सांगितलं. त्यांनी माझी कॉलर सरळ केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. मी घाबरले आहे, लुडगर. ते ऐकतील आणि म्हणतील, ठीक. आणि नोटरीकडे जाणार नाहीत. मग लोथार गाडीच चालवेल, मी शाळेत जाईन, आणि ते त्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांवर वर्तमानपत्र ठेवतील. किंवा त्यांच्या लक्षात येईल की त्यांचंच म्हणणं मी त्यांना परत देते आहे: नाव आपलं नव्हतंच, घराचं आहे, घरापाशी राहू दे. मी हे त्यांना पटवून द्यायचं ठरवलं होतं. आता वाटतं, फक्त सांगावं. ते माझ्यापेक्षा आधीपासून जाणतात.

फ्रॉयलाइन क्लेमेन्टिनेना घर दाखवायला आणायचं आहे, उन्हाळ्यात. ते घर आमचं असो वा नसो.

तू उत्तर देणार नाहीस, हे मी आता धरून चालते. तरी लिहीत राहीन. पाकिटावर यापुढे माझं पाठवणाऱ्याचं नाव वेगळं दिसेल. कोण बाई म्हणून परत पाठवू नकोस.

तुझी बहीण
थेक्ला

ता. क. दिवस लिहायचा राहिला. नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस आम्ही ज्या दिवशी देणार, त्याच दिवशी सकाळी, दूध काढून झाल्यावर, गोठ्यातच बाबांना सांगणार आहे. ते मला शेवटपर्यंत ऐकून घेतील, कारण बादल्या धुवून झाल्याशिवाय ते गोठ्यातून निघत नाहीत. येत्या शुक्रवारी, २ फेब्रुवारीला.